हवा, शॉर्ट, पाणी

सुरुवात शून्यापासून होत नाही, एकापासून होते.
हवेचा आकडा एक.
प्रोब हवेत धरायचा, त्याला काहीच दाखवायचं नाही.
मग तांब्याची पट्टी टेकवून त्याचं तोंड बंद करायचं.
मग डिस्टिल्ड पाणी. बाटली मी कोटाच्या आत
काखेत धरून पंचवीस अंशांवर आणते.
अठ्ठ्याहत्तर.
हवा, शॉर्ट, पाणी:
या तिघांची साक्ष झाल्याशिवाय
यंत्र कुणाबद्दल ब्र काढत नाही.

मातयोकुब ओतांचं खरबूजघर उर्गेंचच्या बाहेर, कालव्याच्या कडेला.
मातीच्या जाड भिंती, खिडकी म्हणून एक विटेएवढं भोक,
आणि छतापासून खाली, लव्हाळ्याच्या शिंक्यांत
दोनशे खरबुजं, आपापल्या अंधारात टांगलेली.
खाली एक मांजर. शिंकं तुटण्याची वाट वगैरे न बघता
झोपलेली. खरबुजात तिला काय रस.

ओता मधल्या बोटाने टिचकी मारतात,
कान लावतात. "हे नौरोजपर्यंत थांबेल."
पुढचं. "हे नाही थांबायचं, आजच उतरव."
मी त्यांच्या मागून प्रोब टेकवत जाते.
सालीवर एकेचाळीस. कापून आत, गरात, अडुसष्ट.
बोटं गारठलेली, पेन्सिल घसरते, सातचा एक दिसतो.

मी गोडी मोजायला आले होते.
तीन हिवाळे, तीनशे बारा खरबुजं.
आडव्या अक्षावर साखर, उभ्यावर आकडा,
आणि ठिपके असे,
की कुणी टाळी वाजवली आणि चिमण्या उडाल्या.
रेघ ओढायला जागाच नाही.
संस्थेत बैमुरोद साहेब म्हणाले, इक्लिमा, अजून नमुने घे.
पण मला कळून चुकलंय:
याला साखर कळत नाही. याला फक्त पाणी कळतं.
किती आहे, आणि किती मोकळं आहे,
लाटेने हाक मारली तर मान वळवतं की नाही.

हे ओतांना सांगताना लाजच वाटली.
ते हसले नाहीत. म्हणाले,
"साखरेला जीभ आहे. पाण्याला तुझं हे, ना?
थांब मग."
आणि कोनाड्यातून काड्यापेटी काढली.
आत राखाडी माती, तिच्यात
नखाच्या तुकड्याएवढा शिंपला.
मोयनाकची, म्हणाले. तरुणपणी आमूवरून
बार्ज भरभरून खरबुजं तिथे न्यायचो,
परतताना खारवलेले मासे.
धक्क्यावरून उडी मारली की पाय टेकायचे नाहीत
तिथली आहे ही. हल्ली गेलो होतो. चालत गेलो.

बाटली पुन्हा काखेत. पुन्हा हवा, शॉर्ट, पाणी.
मग काड्यापेटीत प्रोब हलकेच दाबला.
दोन पूर्णांक सहा.
पुन्हा घेतला. दोन पूर्णांक सहा.
"किती?"
सांगितलं.
"आणि हवेचा?"
"एक."
ओता बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

वर दोनशे आकडे टांगलेले होते, साठांचे, सत्तरांचे.
बाहेर कालवा, कडेला बर्फाची पातळ साय.
पाणी कुठे गेलं हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.
मांजर उठली, जागा बदलून झोपली.

वहीत लिहिलं: नमुना तीनशे तेरा.
जातीच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, तो तसाच सोडला.
उतरवलेलं खरबूज त्यांनी कापलं.
इतकं गोड की ओठाला ओठ चिकटले,
आणि याची कुठे नोंद नाही.

निघताना पाहिलं तर
काड्यापेटी त्यांच्या तळहातावर होती.
मधल्या बोटाने तिला टिचकी मारली,
कानाला लावली,
आणि खरबुजाबद्दल सांगावं तशाच आवाजात म्हणाले,
"ही टिकेल."